इराच्या खोकल्याची वही

माझी नात इरा नऊ वर्षांची आहे, आणि तिचा खोकला मी हजारांतून ओळखेन. आधी घशात बारीक खरखर, मग दोन कोरडे ठसके, मग थोडं थांबून तिसरा, जरा लांबलेला. कफ नाही, ताप नाही, नाक गळत नाही. एकतीस वर्षं चिंचवडला पाण्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून काढल्यावर माणसाला एक खोड लागते. कशात काय मिसळलंय हे कळल्याशिवाय चैन पडत नाही.

जुलैच्या मध्याला मी साठ दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर मुलाकडे अबूधाबीला आलो. सुयश मुसफाच्या औद्योगिक भागात एका कंपनीत इंजिनियर आहे आणि जवळच मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. मालकाने एका मोठ्या व्हिलात भिंती घालून चार घरं केलीत, त्यातलं एक यांचं. सून आभा एका हॉस्पिटलच्या पुरवठा खात्यात आहे. दोघं सकाळी सातला बाहेर पडतात आणि यंदा दोघांनाही सुट्टी मिळाली नाही. शाळा बंद, बाहेर सेहेचाळीस डिग्री, म्हणून इराला सोबत करायला आजोबांना बोलावून घेतलं. मला तरी काय, बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. चिंचवडच्या घरात कुकरच्या शिट्टीशिवाय माझ्याशी कोणी बोलत नव्हतं.

खोकला फेब्रुवारीपासून होता. एक्स-रे स्वच्छ, रक्त ठीक. इनहेलरने तात्पुरता आराम पडायचा. डॉक्टरांनी खांदे उडवून सांगितलं होतं की घरातलं काहीतरी असेल, शोधा, नाहीतर काही महिने हवा बदलून बघा.

"बाबा, ट्रिगर कसा शोधायचा?" सुयशने जेवताना विचारलं.

"हे मला विचारतोस?" मी म्हणालो. "एका वेळी एक वस्तू काढायची, मोजायचं. परत ठेवायची, दुसरी काढायची. एका वेळी एकच बदल. सगळं विज्ञान यावर उभं आहे."

खरं सांगतो, मला आनंद झाला होता. नातीचा खोकला वाईट, पण निवृत्तीनंतर पाच वर्षांनी कोणीतरी मला माझं काम दिलं होतं.

मी एक वही घेतली आणि घरातले नऊ संशयित लिहिले. फरशीचं पाइन वासाचं फिनेल, बाथरूमचं ब्लीच, हॉलच्या सॉकेटमधलं सुवासाचं यंत्र, झुरळांचा स्प्रे, कपड्यांचं सॉफ्टनर, गालिच्यावर भुरभुरायची पावडर, आभाचा हेअर स्प्रे, सुयशचा बॉडी स्प्रे आणि मेणबत्ती. त्या सुवासाच्या यंत्राची बाटली बारा दिरहमची. "म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे रुपये," मी म्हणालो, "आणि दर तीन आठवड्यांनी नवी! एवढ्यात आमच्या लॅबचा स्पिरिटचा दिवा वर्षभर चालायचा." आभा हसली नाही. सासऱ्याने आपल्या घरातल्या बाटल्या उलट्या करून लेबलं वाचणं कुठल्या सुनेला आवडेल?

मदतनीस इराच. सकाळी सात ते रात्री नऊ, प्रत्येक खोकल्याला वहीत एक रेघ. मराठी तिला समजतं, पण बोलायचं म्हटलं की इंग्रजी.

"आजोबा, दॅट वॉज नॉट अ कफ. दॅट वॉज थ्रोट क्लिअरिंग."

"घसा खाकरला तरी मोजायचा."

"देन मेक अ सेपरेट कॉलम."

मी वेगळा रकाना केला. पोरगी माझ्यावर गेली आहे.

काही न काढता पहिले दोन दिवस मोजलं. अडतीस, एक्केचाळीस. मग प्रत्येक वस्तूला दोन दिवस, असे अठरा दिवस गेले. फिनेल काढलं, चाळीस. फिनेल परत आणून ब्लीच काढलं, एकोणचाळीस. सुवासाचं यंत्र काढलं तेव्हा सदतीस आले आणि मी जरा सरसावून बसलो, पण दुसऱ्या दिवशी परत बेचाळीस. झुरळांच्या स्प्रेवर माझा फार भरवसा होता, त्यानेही तोंडघशी पाडलं. शेवटी मी निकाल जाहीर केला.

"घरात काही नाही. सगळ्या वस्तू निर्दोष आहेत. इथली हवाच तिला मानवत नाही."

सुयशने आभाकडे पाहिलं. आभाने हातातली पोळी इराच्या ताटात वाढली आणि ती किचनमध्ये गेली. दोन दिवसांनी सुयशने तिकीट काढलं. तीस ऑगस्ट, अबूधाबी ते पुणे, माझ्यासोबत इराचंही. सहा महिने चिंचवडला राहायचं, माझ्या गल्लीतल्या शाळेत जायचं, मग पुढचं पुढे. इराला सांगितलं तेव्हा ती "ओके" म्हणाली आणि खोलीत गेली.

इथे एक गोष्ट लपवून उपयोग नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि मला मनातून उकळ्या फुटत होत्या. सकाळी पोरीचा डबा भरायचा, दप्तर उचलायचं, संध्याकाळी तिच्याशी भांडायचं. मी त्याच दिवशी चिंचवडच्या सुताराला फोन केला आणि लहान माणसाला पुरेल असं टेबल करायला सांगितलं.

मग दुबई मरीनाचा प्रकार झाला.

आभाची आत्येबहीण सुहासिनी तिथे अठ्ठाविसाव्या मजल्यावर राहते. तिच्या मुलीबरोबर खेळायला इरा गुरुवारी गेली आणि रविवारी आली. मी सहज विचारलं, खोकला कसा होता. इराने तिथेही मोजलं होतं.

"सिक्स. देन फोर. देन थ्री."

"बघा," सुयश म्हणाला, "समुद्राची हवा. इथे मुसफाच्या फॅक्टऱ्या. म्हणजे बाबांचं बरोबर आहे."

मला बरोबर ठरायला फार आवडतं. पण घासात खडा यावा तसं काहीतरी लागलं.

"इरा, तिथे बाहेर किती वेळ होतीस?"

"आउट? आजोबा, इट वॉज फॉर्टी-फोर डिग्रीज. नोबडी गोज आउट."

म्हणजे समुद्राची हवा तिने काचेतून पाहिली होती. ती चार दिवस बंद घरातच होती, एसीत, इथल्यासारखीच. मग तिथल्या बंद घरात आणि इथल्या बंद घरात फरक काय?

"मावशीकडे काय काय असतं? फिनेल? सुवास?"

"दे हॅव अ कॅट. कॅट स्नीझेस. सो नो स्मेलीज."

त्यांच्याकडे मांजर शिंकतं म्हणून वासाचं काही आणत नाहीत. पण इथे मी प्रत्येक वासाचं एकेक करून काढून पाहिलं होतं! कागदावर सगळं बरोबर आणि उत्तर चूक, असं लॅबमध्ये व्हायचं तेव्हा मी घरी नीट जेवायचो नाही. आताही तेच झालं. तिकिटाला अकरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी एसी गार हवा देईना म्हणून मेंटेनन्सवाला आला. तुकाराम, पन्नाशीचा, संगमेश्वरकडचा, एकोणीस वर्षं या देशात. मराठी बोलणारा म्हातारा पाहून तो खूश झाला आणि मी त्याला चहा दिल्यावर तर शिडीवरूनच गप्पा सुरू झाल्या. त्याने छताची जाळी काढली, आत डोकं घातलं आणि म्हणाला, "काका, मागच्या घरात कोण राहतं?"

"हुमेरा म्हणून एक बाई. लाहोरच्या आहेत. का रे?"

"वास येतोय बखूरचा. तुमच्या नि त्यांच्या घराला मशीन एकच हाय. मालकानं भिंती घातल्या, पण वरचा हवेचा डक्ट तसाच ठेवला."

बखूर म्हणजे सुगंधी तेलात मुरवलेल्या लाकडाच्या ढलप्या. निखाऱ्यावर टाकतात आणि घरभर धूर फिरवतात. इथे घरोघरी चालतं.

"आणि बाहेरची ताजी हवा कुठून येते?" मी विचारलं.

तुकाराम हसला. "ती खलास! तोंड बंद केलंय, हे बघा, टेप मारून. उन्हाळ्यात बाहेरची गरम हवा आत घेतली तर मशीन किती लाइट खाईल? माझ्या एरियात निम्म्या व्हिलांत असंच हाय."

"म्हणजे आम्ही आमचीच हवा परत परत..."

"तुमची नि त्यांची, मिक्स. फिरतेय गोल गोल. फेब्रुवारीपासून फिरत असंल."

तो गेल्यावर मी सोफ्यावर बसून राहिलो आणि एकदम स्वतःच्या कपाळावर हात मारला. इतका जोरात की इरा वही घेऊन धावत आली.

पाण्यात क्लोरीन टाकलं की त्यातून चार-पाच नको ते पदार्थ तयार होतात. प्रत्येकाची एक मर्यादा असते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी नागपूरला ट्रेनिंगला पाठवलं होतं, तिथे शिकवलेला नियम मी पुढे किती जणांना शिकवला: हे पदार्थ एकेकटे मर्यादेत आहेत म्हणून पाणी पास करायचं नाही. प्रत्येकाला त्याच्या मर्यादेने भागायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज एकच्या वर गेली की नापास. चार पदार्थ, प्रत्येक आपल्या मर्यादेच्या निम्मा, एकेकटा अगदी सज्जन, पण बेरीज दोन. पाण्याला मी हा नियम लावत होतो, आणि नातीच्या नाकात जाणाऱ्या हवेला लावायचं माझ्या डोक्यात आलं नाही. एक वस्तू काढत होतो तेव्हा बाकीच्या आठ घरातच होत्या. आठांचीच बेरीज एकच्या वर असेल, तर नववी काढून खोकल्याला काय फरक पडणार? आणि ती काढलेली मी पुन्हा आणून ठेवत होतो, स्वतःच्या हाताने!

"इरा, आपली यादी फाड. नवीन करायची. घरात ज्याला ज्याला वास आहे, किंवा जे जे फवारतो, चोळतो, जाळतो, ओततो, सगळं लिही. हाताला लागेल ते."

ती दोन तास घरभर फिरली. तिने चोवीस वस्तू लिहिल्या. नेलपॉलिश, ते काढायचं द्रव, हात धुवायचा फेस, भांड्यांचा साबण, कारमधून वर आणलेलं सुवासाचं कार्ड, शाळेच्या ब्लेझरवर ड्राय-क्लीनिंगचा वास. आणि शेवटी, वेगळ्या रकान्यात, ठळक अक्षरात, "आजोबा."

त्याखाली: गुडघ्याचा बाम. सकाळचा धूप. कापूर. दाढीनंतरचं लोशन. माझ्या बॅगेतल्या डांबरगोळ्या.

"यू फरगॉट यू," इरा म्हणाली.

मी चष्मा काढून पुसला. संशयितांची यादी करणाऱ्याने स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. संध्याकाळी आभा आली तेव्हा मी तिलाच विचारलं, "मी यायच्या आधी खोकला किती होता?"

ती पर्स खाली ठेवेना. "तेव्हा मोजत नव्हतो, बाबा."

"अंदाजे."

"होता. पण कमी होता. तुम्ही आल्यावर वाढला, असं मला वाटत होतं. पण कसं बोलणार? तुम्ही एवढं मनापासून करत होतात."

पाच आठवडे हे तिने पोटात ठेवलं होतं. मी चिडलो, तिच्यावर नव्हे. मग दोघांनी मिळून यादी वाचली आणि मी प्रत्येक वस्तूपुढे ती का वापरतो ते लिहायला लागलो. आता खरी गंमत सुरू झाली.

"धूप का लावता, बाबा?" आभाने विचारलं.

"पूजेला एक उदबत्ती पुरते. पण इथे फिनेलचा वास सकाळी फार येतो, म्हणून मग धूप, वर कापूर."

"फिनेल मी तुम्ही आल्यापासून दुप्पट टाकते. तुमच्या बामाचा वास येतो ना घरात, म्हणून." तिने जीभ चावली. "सॉरी."

"आणि ते सॉकेटमधलं यंत्र?"

"ते मागच्या घरातून धूर येतो म्हणून. फेब्रुवारीत आणलं."

राहिल्या हुमेराबाई. मी इराला घेऊन त्यांच्या दारात गेलो. त्या चाळिशीच्या, शिवणकाम करणाऱ्या, हसऱ्या. माझं मोडकंतोडकं हिंदी त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चाचाजी, बखूर तो पहले मैं सिर्फ जुम्मे को जलाती थी," त्या म्हणाल्या. "अब रोज शाम को। बुरा मत मानिए, आपके घर से एक तेज बू आती है। कभी दवाई जैसी, कभी नकली फूलों जैसी। मेरी आँखें जलती हैं। उसी को दबाने के लिए जलाती हूँ।"

मी दारातच हसत सुटलो. हुमेराबाई चमकल्या, मग मी सगळं सांगितल्यावर त्याही हसायला लागल्या, तोंडाला ओढणी लावून. त्यांच्या धुरावर आभाचं यंत्र, यंत्रावर त्यांचा आणखी धूर. माझ्या बामावर आभाचं फिनेल, फिनेलवर माझा धूप. एकमेकांना अडचण होऊ नये म्हणून एवढे सभ्यपणे वागलो आम्ही, की एका लेकराचा श्वास कोंडला. कोणी तोंडाने एक शब्द बोललं असतं तर? पण शेजाऱ्याला आणि सासऱ्याला "तुमचा वास येतो" हे सांगायचं तरी कसं!

"पाँच दिन," मी म्हणालो. "मैं सब बंद करता हूँ, आप भी बंद कीजिए।"

"इन्शाल्ला, बिल्कुल। बच्ची के लिए क्यों नहीं?"

त्या रात्री सुयशने चोवीस वस्तू खोक्यात भरून कारच्या डिकीत टाकल्या. फरशीला साधं गरम पाणी, कपड्यांना बिनवासाची पावडर, गुडघ्याला शेकायची पिशवी. एका वेळी एकच बदल हा माझा नियम मी गुंडाळून ठेवला. सुयशने मालकालाही फोन केला. मालकाने दोन मिनिटं ऐकलं, "माफी मुश्किला", म्हणजे काही अडचण नाही, म्हणाला आणि तुकारामला सांगून बाहेरच्या हवेचं तोंड निम्मं उघडून दिलं.

पहिल्या दिवशी घराला कसलाच वास नव्हता आणि सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. दुपारी मी फोडणी दिली तर हिंगाचा वास थेट बेडरूमपर्यंत गेला. एकतीस खोकले. दुसऱ्या दिवशी एकोणीस. मी हे आकडे पुन्हा पुन्हा वाचत होतो. चोवीसांतला खरा गुन्हेगार कोण हे मला सांगता येणार नव्हतं, कदाचित कोणी एक नव्हताच. कदाचित त्या वस्तूंनी काही केलंच नसेल आणि निम्म्या उघडलेल्या झरोक्याने सगळं केलं असेल. हे शोधायला सहा महिने लागले असते, आणि मला एकेक प्रश्न हातात घेऊन बसावंसं वाटत होतं. इतकं मन मी कित्येक वर्षांत कशात घातलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चिंचवडहून सुताराचा फोन आला. टेबल तयार झालं होतं, खिडकीखाली ठेवून गेला होता, उंची बरोबर आहे का विचारत होता. मी म्हणालो, बरोबर असेल. त्या दिवशी खोकला आला बारा.

मी वहीत बारा लिहिलं. मग पाहत राहिलो. एकावर वरून एक वळण दिलं की दोन होतो. मी ते वळण दिलं. बावीस.

एकतीस वर्षांत मी पाण्याचा एक आकडा बदलला नव्हता. बदलावा म्हणून फोन यायचे, मोठमोठ्या लोकांचे, आणि मी फोन ठेवून द्यायचो. आणि इथे कोणी सांगितलं नसताना मी हे केलं. चौथ्या दिवशी खोकला सहा होता. मी अठरा लिहिलं.

रात्री नऊनंतर सुयशने वही पाहिली. "उतरलाय, पण तेवढा नाही."

"हं," मी म्हणालो. "म्हणजे घरातलं थोडं असेल, पण हवा आहेच."

"जाऊ दे. निदान तुमच्याकडे तिला बरं वाटेल." त्याने वही मिटली. किचनमध्ये आभाने नळ सोडला आणि बराच वेळ तो तसाच चालू ठेवला.

पाचव्या दिवशी सकाळी, दोघं कामावर गेल्यावर, इरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात शाळेची एक जुनी वही होती.

"आजोबा, युअर नंबर इज राँग."

"कुठला?"

"डे थ्री इज ट्वेल्व्ह. डे फोर इज सिक्स. आय हॅव इट." तिने वही उघडली. पान पान भरून रेघा होत्या, पहिल्या दिवसापासूनच्या, मरीनाच्यासुद्धा, माझ्यापेक्षा नीट, खाकरण्याचा रकाना वेगळा.

"तू तुझी वेगळी वही ठेवतेस? मी मोजत असताना?"

"यू टेक नॅप्स."

"एखादा खोकला तुझ्याकडून सुटला असेल," मी म्हणालो. काय म्हणालो बघा, नऊ वर्षांच्या मुलीला.

"नो. आय काउंट ऑल. इव्हन इन द बाथरूम."

"कशाला एवढं?"

"बिकॉज इफ इट गोज डाउन, आय डोन्ट हॅव टू गो."

ती वाट बघत होती. मग तिने वही छातीशी धरली आणि मराठीत बोलली, शब्द शोधत, एकेक.

"मला नाही यायचं, आजोबा. मला आईकडे राहायचंय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी सांगितलं नाही."

म्हणजे हेही घरातलंच. हीसुद्धा आमच्यासारखीच, समोरच्याला त्रास नको म्हणून तोंड मिटून बसलेली. मी तिला जवळ घेतलं नाही, मला तेवढा अधिकार वाटला नाही. मी माझ्या वहीतले दोन आकडे तिच्यासमोर खोडले, खरे लिहिले आणि बाजूला सही केली. लॅबमध्ये चूक झाली की अशीच दुरुस्ती करायचो. त्या दिवशीचा आकडा रात्री नऊला चार आला. दोन्ही वह्यांत चार.

जेवणं झाल्यावर मी दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या.

"सुयश, इराचं तिकीट रद्द कर. खोकला चारावर आलाय. परवा बारा होता, काल सहा. मी वाढवून लिहिले होते."

"वाढवून? चुकून?"

"चुकून नाही. मला ती घरी हवी होती. तुझी आई गेल्यापासून मला त्या घरात एकट्याला राहवत नाही. म्हणून."

हे वाक्य मी तीन वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. सुयशने माझी वही पुढे ओढली. आभा मात्र उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने माझ्याशी आवाज चढवला नव्हता.

"दोन दिवस, बाबा! दोन दिवस मी ऑफिसमधून येऊन तिचे कपडे बॅगेत भरतेय. काल तिचे स्वेटर घातले त्यात. तुम्ही समोर बसला होतात. बघत होतात."

"हो," मी म्हणालो. ते खरंच होतं.

ती रडली, मग तिने डोळे पुसले आणि इराला हाक मारली. "इरा, इकडे ये. तू जात नाहीयेस."

इराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "रिअली? फॉर रिअल?" आणि मग ती किंचाळली. किंचाळत हॉलमधून बेडरूममध्ये, बेडरूममधून किचनमध्ये, पुन्हा हॉलमध्ये अशी पळत सुटली. मागच्या भिंतीवर हुमेराबाईंनी काय झालं म्हणून थाप मारली. सुयश मोबाइलवर तिकीट उघडून बसला होता.

"दोन्ही नाही ना, बाबा? एकच?"

"एकच. माझं तसंच राहू दे."

इरा माझ्या खुर्चीजवळून तीन वेळा पळत गेली. एकदाही थांबली नाही, एकदाही खोकली नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.